पडद्यावरचा समुद्र

सिनेमात वादळ होते, लाटा उसळतात, जहाज बुडते. मला वाटायचं, मग कॅमेरावाले कसे बुडत नाहीत? नंतर कळलं, पुष्कळदा तो समुद्र नसतोच. तो एक मोठा हौद असतो!

खऱ्या समुद्रात शूटिंग करणे फार अवघड. लाटा कुणाचं ऐकत नाहीत. १९७५ साली शार्क माशाचा ‘जॉज’ हा सिनेमा आला. तो समुद्रावर काढला. ५५ दिवसांचे काम १५९ दिवस चालले. यंत्राचा शार्क खाऱ्या पाण्याने सारखा बिघडायचा.

म्हणून हौद बांधतात. माल्टा नावाचा बेटांचा छोटा देश आहे. तिथे १९६४ साली समुद्राच्या अगदी काठावर हौद बांधला. त्याच्या कडेवरून पाणी सांडत राहते, म्हणून कड दिसत नाही. हौदाचे पाणी आणि मागचा समुद्र एकच वाटतो. १९७९ साली तिथे ३६ फूट खोल हौद झाला. म्हणजे सहा परस विहीरच की! लाटा यंत्राने करतात, वारा मोठ्या पंख्यांनी आणि पाऊस नळांनी पाडतात.

‘टायटॅनिक’ सिनेमासाठी १९९६ साली मेक्सिको देशात समुद्रकाठी हौद बांधला. त्यात सुमारे ६ कोटी ४० लाख लिटर पाणी मावते. जहाजाची फक्त उजवी बाजू पुरी केली होती. पण बंदरात तर डावी बाजू दाखवायची होती. मग पाट्यांवरची अक्षरे उलटी लिहिली आणि चित्रच आरशासारखे उलटे केले. सगळे सुलटे दिसले!

आम्ही उन्हाळ्यात टँकरपुढे हंडे घेऊन रांगेत उभे राहतो. म्हणून मी हिशेब केला. १० हजार लिटरचे ६,४०० टँकर! रोज दोन खेपा धरल्या तर जवळजवळ पावणेनऊ वर्षे लागतील. मला आधी रागच आला. एवढं पाणी सिनेमाला? पण तो हौद समुद्राच्याच पाण्याने भरला होता. मग बरं वाटलं.

मित्रांनो, तुम्हीही करून पाहा. परात काठोकाठ भरा आणि डोळे पाण्याच्या पातळीला आणा. पलीकडची कड दिसेनाशी होते. नंतर ते पाणी मात्र झाडाला घाला हं!

— इयत्ता चौथी