डावा हात पिसांचा
रविवारी सकाळी दौलताबादच्या चिकन दुकानापुढे उभ्या गिऱ्हाइकांची नजर काट्यावर असते. माझी होती चाचांच्या हातांवर. आपल्याकडे 'विदाउट स्किन' म्हणजे पिसं उपटत बसायचं नाही, कातडीसकट ओढून काढायची. पिसांना, घाणीला लागणारा डावा हात कातडी ओढतो. उघड्या पडलेल्या मांसाला फक्त उजवा शिवतो. चाचांना हे कुणी शिकवलेलं नाही. पण साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू कोंबडीच्या आतड्यात सुखाने नांदतात, कोंबडी ठणठणीत दिसते, आणि ते मांसावर चढतात ते बहुतेक असे हातानं, सुरीनं.

खरी कसोटी पोट फाडताना. सुरीचं टोक जरा खोल गेलं की आतडं फुटलंच. म्हणून कापायच्या 8 ते 12 तास आधी दाणा बंद करतात, पाणी चालू ठेवतात. त्याहून जास्त उपाशी ठेवलं तर आतडी कमजोर होऊन ओढताच तुटतात. चाचांनी दोन बोटं आत घातली आणि सगळा कोथळा एका ओढीत बाहेर. कलेजी, पोटा वेगळा, पित्त शाबूत.

आणि मग ती बादली! सगळ्या कोंबड्या एकाच पाण्यात.

"चाचा, पाणी बदला की."

"बदलतो ना, गढूळ झालं की."

तोवर पहिलीचे जंतू पाचवीला लागलेले असतात. ब्लीचिंग पावडर टाकूनही भागत नाही. क्लोरीन रक्त-चरबीतच खर्ची पडतो. मोठ्या कारखान्यांत कोंबडी एका दिशेनं सरकते, पाणी उलट्या, म्हणजे शेवटी स्वच्छ पाणीच मिळतं. मग तिला 4 अंशांपर्यंत गार करतात. युरोपने 1997 पासून क्लोरीनमध्ये धुतलेली कोंबडी घेणं बंद केलं. शेवटी औषध आहे म्हटल्यावर आधीची हयगय खपून जाते, हा त्यांचा आक्षेप मला पटतो.

दौलताबादला बर्फ नाही, पण कापलेली कोंबडी तासाभरात चुलीवर चढते, हीही जमेची बाजू. आतपर्यंत 75 अंशांना शिजली की हे जंतू मरतात. घरी नळाखाली धुण्यानं मात्र शिंतोडे ओट्यावर, कोथिंबिरीवर उडतात.

माझ्यामागच्या बाईंनी पिशवी पुढे केली. "चांगलं धुऊन द्या हं."

चाचांनी तुकडे त्याच बादलीत दोनदा बुचकळले. बाई खूश.