लग्नाची पैठणी : किडा, धोटा आणि घडी



लगीनसराई आली की गावागावांतून बस्त्याची मंडळी तालुक्याच्या बाजारपेठेत येतात. बस्त्यात सर्वांत जास्त वेळ जातो तो नवरीच्या वस्त्राला. पैठणी मागितली की दुकानदार पुढ्यात दोन टाकतो. लांबून पाहिल्या तर दोघींवर मोर आहेत, दोघींना जरीचा पदर आहे, दोन्ही सारख्याच झळकतात. पण एकीची किंमत दुसरीच्या कितीतरी पट! असे का, हे त्या घाईगर्दीत कोणी नीट विचारत नाही आणि कोणी नीट सांगतही नाही. आज तेवढे समजून घेऊ. प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. तो तुमच्या घामाच्या पैशाचा आहे, आणि मागावर बसलेल्या विणकराच्या पोटाचाही आहे.

नाव पैठणचे. गोदावरीच्या काठी वसलेले हे गाव म्हणजे जुने प्रतिष्ठान, सातवाहन राजांची राजधानी. पेशवाईत पैठणच्या मालाला मोठी मागणी होती. आज मात्र पैठणी मुख्यतः विणली जाते ती नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याला. होय, तेच येवले, जिथे तात्या टोपे जन्मले. पैठण गावीही माग चालू आहेत. २०१० साली पैठणीला भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली. म्हणजे, जसे नागपूरचे संत्रे, तसे हे नाव ठरावीक प्रदेशाचे आणि ठरावीक रीतीने केलेल्या मालाचे, असे कायद्याने मान्य झाले.

आता सुरुवात अगदी मुळापासून करू. रेशीम म्हणजे काय? तुतीची पाने खाणाऱ्या एका अळीची लाळच म्हणा ना! ही अळी साधारण पंचवीस-सव्वीस दिवस पाला खाते, चार वेळा कात टाकते आणि मग दोन-तीन दिवसांत स्वतःभोवती कोष विणून घेते. त्या कोषात धागा एकच असतो, अखंड, आणि चांगल्या जातीच्या कोषात तो हजार मीटरच्या आसपास भरतो. महाराष्ट्रातही आता पुष्कळ शेतकरी तुतीची लागवड करतात आणि जालन्याला कोषांचा बाजार भरतो. पण येवल्याच्या मागावर चढणारे रेशीम बहुतांशी कर्नाटकातून, बंगळूरच्या बाजूने येते.

इथे एक गोष्ट लपवून ठेवणे बरे नव्हे. पाखरू कोष फोडून बाहेर पडले तर धाग्याचे तुकडे होतात. म्हणून ते बाहेर पडण्याआधीच कोष उष्णतेने मारतात आणि गरम पाण्यात घालून धागा उकलतात. ज्यांना हे रुचत नाही त्यांच्यासाठी पाखरू उडून गेल्यावरच्या कोषांचे रेशीमही निघते. मात्र ते कापसासारखे कातावे लागते आणि त्याला तशी झळाळी येत नाही. कोणते घ्यावे हे ज्याचे त्याने ठरवावे. पण माहीत असावे.

उकललेल्या धाग्यावर डिंकासारखा एक चिकट थर असतो. साबण आणि सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात रेशीम घोळले की तो निघून जातो. वजन जवळजवळ चौथाईने घटते, पण खरी चमक आणि मऊपणा तेव्हाच येतो. मग रंगकाम. पूर्वी हे रंग झाडापाल्याचे असत. निळा नीळ झुडपापासून, लाल मंजिष्ठेच्या मुळांपासून किंवा लाखेपासून, पिवळा हळदीपासून किंवा डाळिंबाच्या सालीपासून. १८५६ साली इंग्लंडात पर्किन नावाच्या तरुणाने पहिला यशस्वी कृत्रिम रंग काढला आणि पुढच्या काळात हे जुने रंग मागे पडले. आजची बहुतेक पैठणी रासायनिक रंगांतच रंगते. म्हणून 'नैसर्गिक रंगाची' असे कोणी सांगितले तर कोणत्या वस्तूचा रंग, हे जरूर विचारा.

रंगवलेल्या लडी घरी येतात आणि इथे घरातल्या बाया कामाला लागतात. असारीवर लड चढवायची, गुंता सोडवत एकेक तार वेगळी करायची, चरख्यावर कांड्या भरायच्या. हे काम डोळ्यांचे आणि धीराचे. तार तुटली तर तिचे टोक शोधण्यात वेळ मोडतो. पैठणीला नाव विणकराचे लागते, पण तिच्यात घरच्या बायकांचे असे कितीतरी तास पडलेले असतात आणि त्यांची मजुरी पुष्कळदा कोणी वेगळी मोजत नाही.

आता मागाकडे वळू. लांबीचे धागे म्हणजे ताणा, आडवे धागे म्हणजे बाणा. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेतला तर कापड हलवताच रंग बदलल्यासारखा दिसतो. पैठणीची ती धूपछाँव ही अशी साधते. साडीचे अंग धोट्याने विणले जाते आणि ते बरेच झपाट्याने पुढे सरकते. खरी परीक्षा असते ती पदराची.

पदराची जमीन जरीची असते आणि तिच्यावरचा मोर, मुनिया, कमळ किंवा आसावलीची वेल रेशमाची. ही नक्षी वरून टाकलेली नसते, कशिदा तर नव्हेच. मोराच्या गळ्याचा निळा धागा गळ्यापुरताच जातो आणि परत फिरतो. पिसाऱ्याचा हिरवा पिसाऱ्यापुरता. चोचीचा लाल चोचीपुरता. प्रत्येक रंगाला एक छोटी कांडी, तिला तिल्ली म्हणतात. पदराच्या एकाच आडव्या ओळीत अशा कितीतरी तिल्ल्या लोंबत असतात. विणकर ताण्याचे धागे मोजून एकेक तिल्ली फिरवतो आणि जिथे दोन रंग भेटतात तिथे त्यांचे धागे एकमेकांत अडकवतो. ओळ पुरी झाली की फणीने ठोकतो. मग पुढची ओळ.

गुरुजनहो, हे मुलांना शब्दांनी सांगून उमगणार नाही. वर्गात करून दाखवा. खर्च जवळजवळ काहीच नाही. जुन्या वहीचा पुठ्ठा घ्या, वरच्या आणि खालच्या कडेला सारख्या अंतरावर खाचा पाडा आणि त्यांतून जाड दोरा वर-खाली ताणून गुंडाळा. हा झाला ताणा. आता लाल लोकरीचा धागा डावीकडून, एका दोऱ्याच्या वरून, एकाच्या खालून असा मध्यापर्यंत न्या आणि मागे फिरवा. पिवळा धागा उजवीकडून तसाच मध्यापर्यंत आणा आणि मागे फिरवा. सात-आठ ओळी झाल्या की मुलांना विचारा, काय दिसते? दोन रंगांच्या मधोमध उभी फट दिसेल. मग ते उसवा आणि पुन्हा विणा. या वेळी लाल आणि पिवळा भेटले की एकमेकांत अडकवून मगच मागे फिरवा. फट नाहीशी होते आणि दोन रंगांचे एक कापड होते. पुठ्ठ्यावर मुलांनी दोन रंग जोडले. विणकर हेच केसासारख्या तलम धाग्यांत, डझनावारी रंगांनी करतो.

लगेच एक गणितही घाला. समजा, पदर तीस इंच लांब आहे आणि नक्षी इतकी भरीव आहे की दिवसाला अर्धा इंचच विणून होतो. किती दिवस लागतील? साठ. नुसता पदर दोन महिने! साधी, लहान पदराची पैठणी काही आठवड्यांत उतरते. अंगभर नक्षीच्या भारी पैठणीला सहा महिने, वर्षदेखील लागते. तेवढे दिवस त्या घराची चूल या एका साडीवर पेटायची असते. आता किमतीतला फरक उमगला ना?

दुसरी साडी, ती स्वस्तातली, यंत्रमागावर किंवा जाळपट्टीच्या यंत्राने होते. जाळपट्टी म्हणजे भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ. कोणता ताणा उचलायचा ते ही भोके ठरवतात. तिच्यात नक्षीचा धागा एका मोरापासून दुसऱ्या मोरापर्यंत मागच्या बाजूने मोकळा धावतो आणि नंतर कापून टाकतात. तशी साडी घेण्यात काही कमीपणा नाही. ज्याला परवडते त्याने ते घ्यावे. फसवणूक होते ती तिला 'हातमागाची' म्हणून विकले की.

मग ओळखायचे कसे? पहिली खूण, पदर उलटा करा. हाताने विणलेली नक्षी मागून जवळजवळ पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. मागे लोंबते किंवा कापलेल्या धाग्यांचे केस दिसले तर काम यंत्राचे समजा. दुसरी खूण, रेशमाची. दुकानदाराच्या परवानगीने काठाबाहेरचा एक सुटा धागा पेटवून पाहा. खरे रेशीम जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. नकली धागा वितळतो आणि त्याचा टणक मणी होतो. तिसरी गोष्ट जरीची. अस्सल जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा मुलामा. दुसऱ्या प्रकारात चांदीऐवजी तांबे असते. तिसऱ्यात धातू नाहीच, चकाकणारी प्लास्टिकची पट्टी असते. जर बहुतेक सुरतेहून येते आणि तिन्ही प्रकार बाजारात आहेत.

शिक्क्यांचेही एवढे ध्यानात ठेवा. २००४ सालापासून 'सिल्क मार्क' आहे, तो फक्त रेशीम शुद्ध असल्याचे सांगतो, हातमागाचे नव्हे. २००६ साली सुरू झालेला 'हँडलूम मार्क' हातमागाचा. एक दाखवून दुसऱ्याचे पैसे घेणारे असतात.

विणकराची बाजूही ऐका. पुष्कळ ठिकाणी रेशीम आणि जर व्यापारी देतो आणि विणकराला नगामागे मजुरी मिळते. मधे आजारपण आले, माग थांबला, की मजुरीही थांबते. खड्डामागावर पाय सोडून दिवसभर वाकून बसायचे. पाठ जाते, नजर जाते. तशात बाजारात नकली माल 'पैठणी' म्हणून चौथाई किमतीला उभा राहिला की त्याच्या हाताचा भाव पडतो आणि मुलगा म्हणतो, 'मला नाही बसायचे मागावर.' त्याला दोष कसा द्यावा? ही विद्या पुस्तकात लिहिलेली नाही, ती बोटांत आहे. एक पिढी उठून गेली तर परत आणता येत नाही. ७ ऑगस्ट हा दिवस २०१५ पासून देशभर राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो. १९०५ साली त्याच तारखेला स्वदेशीची चळवळ जाहीर झाली होती. शाळेतला पुठ्ठ्याचा माग त्या दिवसासाठी राखून ठेवला तर उत्तम.

अलीकडे परदेशात 'स्लो फॅशन' असा शब्द निघाला आहे. केट फ्लेचर या अभ्यासक बाईंनी तो २००७ साली मांडला. अर्थ असा : कपडे थोडे घ्या, चांगले घ्या, कोणी आणि कसे केले ते विचारा आणि टिकवून वापरा. आपल्या आजीला हे नवे वाटले नसते. तिची एकच पैठणी तिच्या लग्नात, लेकीच्या ओटभरणात आणि नातवाच्या बारशालाही निघत असे. अंग विरले तरी काठ-पदर काढून नव्या कापडाला लावत, नाहीतर नातीला परकर शिवत.

पण यातून 'काही करा, पण भारी पैठणी घ्याच' असा अर्थ मात्र काढू नका. ऋण काढून सण करू नये, हे आपलेच शहाणपण आहे. लेकीच्या लग्नासाठी सावकाराच्या दारी जाऊन घेतलेली पैठणी मोराची असली तरी गळ्यातला फासच. ऐपत बेताची असेल तर लहान पदराची, साध्या काठाची पण खरी हातमागाची घ्या. किंवा आईची, आजीची असेल तर तीच बाहेर काढा. घरच्या जुन्या पैठणीत बोहल्यावर उभी राहणारी मुलगी कोणापेक्षा उणी नाही.

घरात पैठणी असेल तर तिची निगा अशी ठेवा. सुती पांढऱ्या धुतल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. डांबराच्या गोळ्या थेट साडीला लागू देऊ नका. अत्तर जरीवर शिंपडू नका, जर काळी पडते. घामाची साडी लगेच घडी करून ठेवू नका, सावलीत वारा लागू द्या. आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या जागी घाला, कारण रेशीम एकाच घडीवर वर्षानुवर्षे राहिले की तिथेच चिरते.

आणि पुढच्या बस्त्याला जाल तेव्हा तीन प्रश्न तोंडपाठ करून जा. हातमागाची आहे का? जर कोणती आहे? आणि हे पावतीवर लिहून द्याल का? खरा माल विकणारा तिसऱ्या प्रश्नाला कचरणार नाही.