न्यायालयाच्या पायरीवर : लेखांक ९ – मयत आरोपी आणि अपुरा खटला

गेल्या लेखांकात जामीन आणि जामीनदाराची जबाबदारी यांचा विचार आपण केला. त्याच ओघात असा प्रश्न उपस्थित होतो, की खटला चालू असता, किंबहुना तो उभा राहण्यापूर्वीच, आरोपी मरण पावला तर त्या प्रकरणाचे पुढे काय होते?

शिक्षा ही ज्याने अपराध केला त्यानेच भोगावयाची असल्यामुळे, आरोपीच्या मृत्यूबरोबर त्याच्याविरुद्धचा खटलाही संपुष्टात येतो. पित्याचे कर्ज पुत्राने वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरते फेडावे हे दिवाणी कायद्यास मान्य आहे. पित्याचा कारावास पुत्राने भोगावा हे फौजदारी कायद्यास मान्य नाही. हा विवेक मानवजातीस सहजासहजी लाभलेला नाही. इ. स. ८९७ मध्ये रोम येथे पोप फॉर्मोसस याचे प्रेत थडग्यातून उकरून, त्यावर धर्मगुरूची वस्त्रे चढवून ते सिंहासनावर बसविण्यात आले, त्याच्या वतीने उत्तरे देण्यास एक कनिष्ठ धर्माधिकारी उभा करण्यात आला, आणि अखेर दोषी ठरवून त्या प्रेताच्या उजव्या हाताची तीन बोटे छाटण्यात आली. ज्याला आपली बाजू मांडताच येत नाही त्याच्यावर निवाडा करणे हा न्यायाचा अवमान होय, हे आज आपण जाणतो.

आपल्याकडील रीत अशी आहे. तपास चालू असतानाच एकमेव आरोपी मयत झाला, तर पोलीस दंडाधिकाऱ्यांकडे ‘अबेटेड समरी’चा, म्हणजे मृत्यूमुळे प्रकरण संपल्याचा, अहवाल पाठवितात. दोषारोपपत्र दाखल झाल्यानंतर मृत्यू घडला, तर वकील पुरसिस (लेखी निवेदन) देऊन मृत्यूचा दाखला हजर करतात. परंतु न्यायालय केवळ त्या कागदावर न विसंबता पोलीस ठाण्याकडून त्याची खातरजमा करून घेते, आणि मगच त्या आरोपीपुरता खटला संपल्याचा हुकूम होतो. सहआरोपींची मात्र यातून सुटका नाही. त्यांचा खटला चालूच राहतो. आणि मृत्यू कोठडीत झाला असेल, तर त्या मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत स्वतंत्र चौकशी होणे कायद्याने बंधनकारक आहे.

अपिलाची गोष्ट अधिक नाजूक आहे. निर्दोष सुटकेविरुद्ध सरकारने केलेले अपील आरोपीच्या मृत्यूने कायमचे संपते. उदाहरणार्थ, तमिळनाडूच्या तत्कालीन मुख्यमंत्री जे. जयललिता यांना २०१४ साली बंगळूरच्या विशेष न्यायालयाने चार वर्षांचा कारावास व १०० कोटी रुपये दंड सुनावला, २०१५ साली उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, आणि कर्नाटक सरकारचे अपील सर्वोच्च न्यायालयात असता ५ डिसेंबर २०१६ रोजी त्या निवर्तल्या. पुढील फेब्रुवारीत त्यांच्या तिघा सहआरोपींची शिक्षा कायम झाली. जयललितांपुरते अपील संपले, आणि दंडासाठी सरकारने केलेला फेरविचाराचा अर्जही नामंजूर झाला.

याउलट, शिक्षा झालेल्या इसमाने स्वतः केलेले अपील त्याच्या मृत्यूने संपले, तर दोषाचा शिक्का त्याच्या नावावर कायमचा राहतो. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत यावर उपाय नव्हता. दंडाविरुद्धचे अपील तेवढे टिकत असे, कारण दंडाचा बोजा मयताच्या मालमत्तेवर पडतो. १९७३ च्या संहितेने ३९४ व्या कलमात ही उणीव दूर केली, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४३५ व्या कलमात तीच तरतूद आज कायम आहे: देहान्ताची अथवा कारावासाची शिक्षा झालेला अपीलदार वारला, तर आईवडील, पती वा पत्नी, मुले-नातवंडे, भाऊ अथवा बहीण यांपैकी कोणालाही न्यायालयाच्या परवानगीने ते अपील पुढे चालविता येते.

निकालापूर्वीच मृत्यू आला असेल, तर मात्र खटला संपला म्हणजे आरोपी निर्दोष ठरला असे नव्हे, आणि दोषी ठरला असेही नव्हे. पीडिताच्या पदरीही निवाडा पडत नाही. म्हणून अशा माणसाचा उल्लेख वृत्तपत्रांनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणि आपणही ‘गुन्हेगार’ असा करू नये. कायद्याच्या दृष्टीने तो अखेरपर्यंत आरोपीच होता.

ज्यांच्या घरी अपील प्रलंबित असता असा प्रसंग ओढवेल, त्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी: परवानगीचा अर्ज मृत्यूपासून ३० दिवसांच्या आत करावयाचा असतो. शोक कितीही गहिरा असो, त्या मुदतीत वकिलाची भेट अवश्य घ्यावी.