बर्ट्रांड रसेल यांचा पत्रप्रपंच

ऑक्टोबर १९६२. क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे उभारली जात असल्याचे उघडकीस आल्यानंतर अमेरिकेने त्या बेटाची सागरी नाकेबंदी केली होती आणि जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपले होते. त्याच सुमारास उत्तर वेल्समधील एका घरातून नव्वद वर्षांचा एक वृद्ध वॉशिंग्टन आणि मॉस्को येथे तारा धाडत होता. २३ ऑक्टोबर रोजी पाठवलेल्या तारेत त्याने केनेडी यांना हा वेडेपणा थांबवण्यास बजावले, तर ख्रुश्चेव्ह यांना चिथावणीला बळी न पडण्याची विनंती केली. ख्रुश्चेव्ह यांनी सविस्तर उत्तर दिले, ते मॉस्कोने तातडीने जाहीर केले आणि त्यात शिखर भेटीची तयारीही दर्शवली होती. दोन दिवसांनी केनेडी यांचेही उत्तर आले. चोरांना पकडणाऱ्यांकडे बोट दाखवण्यापेक्षा आपण चोरांकडे लक्ष द्यावे, असा त्यातला खोचक आशय होता.

हा वृद्ध म्हणजे बर्ट्रांड रसेल. गणिती तर्कशास्त्राचा एक शिल्पकार, साहित्याच्या नोबेल पारितोषिकाचा १९५० सालचा मानकरी आणि दोन महायुद्धे पाहिलेला शांततावादी. त्या तारांमुळे संकट टळले, असे म्हणण्यास फारसा आधार नाही. परंतु ना सत्ता, ना पद, ना पक्ष असा एक खासगी नागरिक दोन महासत्तांच्या प्रमुखांना लिहितो आणि दोघांनाही उत्तर देणे भाग पडते, ही घटना असामान्य होती. तिच्यामागे सात दशकांहून अधिक काळ अखंड चाललेला पत्रप्रपंच उभा होता.

१८७२ मध्ये जन्मलेले रसेल हे टपालाच्या युगाचे अपत्य होते. लंडनमध्ये त्या काळी दिवसातून अनेक वेळा टपाल वाटले जाई. सकाळी लिहिलेले पत्र दुपारी पोहोचे आणि संध्याकाळी उत्तर हाती पडे. त्यांनी आयुष्यभरात लिहिलेल्या पत्रांची संख्या अभ्यासक दहा-दहा हजारांत मोजतात. कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठाने १९६८ मध्ये त्यांचे दप्तर विकत घेतले. शांतताकार्यासाठी पैसा उभा करणे हा रसेल यांचा ते विकण्यामागील हेतू होता. त्यांनी लिहिलेल्या आणि त्यांना आलेल्या पत्रांच्या लाखाहून अधिक नोंदी आज तेथील सूचीत आहेत. निकोलस ग्रिफिन यांनी संपादित केलेल्या निवडक पत्रांच्या दोन खंडांपैकी पहिला १९१४ पर्यंतच्या खासगी वर्षांचा, तर दुसरा त्यानंतरच्या सार्वजनिक वर्षांचा आहे. विभागणी सोयीची आहे, पण पत्रे वाचू लागले की ती सीमारेषा पुसट होत जाते.

खासगी पत्रांपैकी प्रारंभीची महत्त्वाची पत्रे अ‍ॅलिस पिअर्सल स्मिथ या अमेरिकी क्वेकर तरुणीला लिहिलेली आहेत. आईवडील लहानपणीच गेल्याने रसेल यांचा सांभाळ आजीने केला होता आणि तिला हा विवाह मान्य नव्हता. ताटातूट झाली तर नातवाचे मन बदलेल या आशेने १८९४ च्या शरद ऋतूत त्यांना पॅरिसच्या ब्रिटिश दूतावासात धाडण्यात आले. परिणाम उलटाच झाला. पत्रांचा ओघ वाढला आणि त्याच डिसेंबरात विवाह पार पडला. पुढे हे लग्न टिकले नाही. १९११ पासून लेडी ऑटोलिन मॉरेल यांच्याशी रसेल यांचे प्रेमसंबंध जुळले आणि त्यांना लिहिलेली दीड हजारांहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. कधी एकाच दिवशी दोन-तीन पत्रे जात.

ही पत्रे केवळ प्रेमपत्रे म्हणून वाचली तर त्यांचे मोल कळणार नाही. विसाव्या शतकातील तत्त्वज्ञानाचा इतिहास त्यांत दिवसागणिक नोंदला गेला आहे. ऑक्टोबर १९११ मध्ये केंब्रिजला एक हट्टी परदेशी विद्यार्थी आला. खोलीत गेंडा नाही, एवढेसुद्धा तो मान्य करावयास तयार नाही, अशी तक्रार रसेल यांनी ऑटोलिनना लिहिलेल्या पत्रात आढळते. तो विद्यार्थी म्हणजे लुडविग विटगेन्स्टाइन. काही महिन्यांतच तक्रारीची जागा कौतुकाने घेतली. १९१३ मध्ये विटगेन्स्टाइनने रसेल यांच्या ज्ञानमीमांसेवरील हस्तलिखितावर इतके कठोर आक्षेप घेतले, की ते लेखन अर्ध्यावर सोडून द्यावे लागले. आपण यापुढे तत्त्वज्ञानात मूलभूत काम करू शकणार नाही, असे त्या टीकेमुळे वाटू लागल्याची कबुली रसेल यांनी १९१६ मध्ये ऑटोलिनना दिली. सार्वजनिक लेखनात सदैव आत्मविश्वासाने बोलणाऱ्या या माणसाची ही हतबलता केवळ पत्रांमुळेच जगासमोर आली.

वैचारिक पत्रव्यवहारातले सर्वांत प्रसिद्ध पत्र मात्र त्याआधीचे आहे. १६ जून १९०२ रोजी रसेल यांनी जर्मन तर्कशास्त्रज्ञ गोटलोब फ्रेगे यांना लिहिले. संपूर्ण अंकगणित तर्काच्या पायावर उभे करण्याचा फ्रेगे यांचा प्रकल्प होता आणि त्यांच्या ग्रंथाचा दुसरा खंड छापखान्यात होता. स्वतःचे घटक नसलेल्या सर्व संचांचा मिळून जो संच होईल, तो स्वतःचा घटक असेल काय, असा प्रश्न रसेल यांनी विचारला होता. उत्तर ‘हो’ दिले तरी विसंगती, ‘नाही’ दिले तरी विसंगती. या एका प्रश्नाने फ्रेगे यांच्या इमारतीचा पायाच हादरला. सहा दिवसांनी त्यांचे उत्तर आले. त्यात संताप नव्हता, सारवासारव नव्हती. आपण थक्क झालो आहोत हे त्यांनी मान्य केले, शोधाचे महत्त्व ओळखले आणि पुढे ग्रंथाला परिशिष्ट जोडून विसंगती जाहीर केली. साठ वर्षांनंतर, १९६२ मध्ये हा पत्रव्यवहार प्रसिद्ध करण्यास संमती देताना रसेल यांनी लिहिले, की सत्यनिष्ठेचे याच्या तोडीचे उदाहरण आपल्याला ठाऊक नाही.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले आणि रसेल यांच्या पत्रांची दिशा बदलली. त्याच महिन्यात ‘द नेशन’ नियतकालिकातील पत्राद्वारे त्यांनी युद्धाचा निषेध केला. लंडनच्या रस्त्यांवर युद्धाचा जल्लोष चालू असताना हे करणे धाडसाचे होते. १९१६ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीला नकार देणाऱ्या अर्नेस्ट एव्हरेट या तरुणाच्या शिक्षेवर टीका करणारे पत्रक निघाले आणि ते वाटणाऱ्या कार्यकर्त्यांना तुरुंगात टाकले जाऊ लागले. तेव्हा रसेल यांनी ‘द टाइम्स’ला पत्र लिहून कळवले, की पत्रकाचा लेखक आपण आहोत, खटला भरायचा तर आपल्यावर भरावा. सरकारने तसे केले. शंभर पौंड दंड झाला आणि जुलैमध्ये ट्रिनिटी कॉलेजने त्यांना अध्यापकपदावरून दूर केले. एका पत्राची ही किंमत होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांना मध्यस्थीची विनंती करणारे खुले पत्र लिहिले. टपालावर सरकारी नजर असल्याने ते एका अमेरिकी तरुणीने गुपचूप सागरापार नेले आणि अमेरिकी वृत्तपत्रांत ते ठळकपणे झळकले.

१९१८ मध्ये एका लेखाबद्दल त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. मे ते सप्टेंबर या काळात ब्रिक्स्टन तुरुंगात त्यांना पुस्तके मिळत, लेखनाची मुभा होती, पण अधिकृत पत्रांवर बंधन होते आणि ती अधिकारी वाचत. त्यावर रसेल यांनी नामी युक्ती शोधली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील आठवणींचे वाचन चालू असल्याची बतावणी करून ते कॉन्स्टन्स मॅलेसन, म्हणजे त्यांची ‘कोलेट’, हिला फ्रेंचमध्ये प्रेमपत्रे लिहू लागले. एका क्रांतिकारकाने मादाम रोलाँ यांना लिहिलेली पत्रे आपण उतरवून पाठवत आहोत, असा बहाणा होता. दुसरी युक्ती अधिक भरवशाची होती. त्या काळी अनेक पुस्तकांची पाने दुमडलेल्या अवस्थेतच बांधली जात आणि वाचकाला ती कापून मोकळी करावी लागत. अशा न कापलेल्या पानांच्या घडीत पत्रे दडवली जात. ऑटोलिन भेटीस आल्या तेव्हा पहारेकऱ्यादेखत ही क्लृप्ती सांगणे शक्य नव्हते. म्हणून रसेल यांनी लंडनच्या गणित मंडळाच्या कामकाजाचा अंक त्यांच्या हाती ठेवला आणि तो दिसतो त्यापेक्षा पुष्कळ रंजक आहे, एवढेच सांगितले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अण्वस्त्रांचा प्रश्न त्यांच्या पत्रव्यवहाराच्या केंद्रस्थानी आला. फेब्रुवारी १९५५ मध्ये त्यांनी अल्बर्ट आइन्स्टाइन यांना लिहून नामवंत शास्त्रज्ञांच्या संयुक्त निवेदनाची कल्पना मांडली. एप्रिलमध्ये रोमहून पॅरिसला जात असताना विमानातच त्यांना आइन्स्टाइन यांच्या निधनाची वार्ता समजली. आपली योजना फसली, असे त्यांना वाटले. पॅरिसमध्ये मात्र स्वाक्षरीला संमती देणारे आइन्स्टाइन यांचे पत्र त्यांची वाट पाहत होते. ९ जुलै १९५५ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या या जाहीरनाम्यातून १९५७ ची पगवॉश परिषद जन्माला आली. या चळवळीला आणि जाहीरनाम्याचे एक स्वाक्षरीकर्ते जोसेफ रॉटब्लाट यांना १९९५ चे शांततेचे नोबेल मिळाले.

भारताशीही या पत्रव्यवहाराचा धागा जुळतो. १९३० च्या दशकात कृष्ण मेनन ज्या इंडिया लीगचे काम पाहत होते, तिचे अध्यक्षपद रसेल यांच्याकडे होते. नोव्हेंबर १९६२ मध्ये भारत-चीन युद्ध चालू असताना त्यांनी नेहरू आणि चौ एन-लाय या दोघांशीही तारा व पत्रांद्वारे संपर्क साधला. दोघांनीही उत्तरे दिली. चीनने २१ नोव्हेंबरला एकतर्फी युद्धबंदी जाहीर केल्यावर भारतानेही प्रतिसाद द्यावा, असा त्यांचा आग्रह होता. पराभवाच्या वेदनेने होरपळणाऱ्या भारतीय मनाला हा सल्ला रुचणे कठीण होते. क्यूबा आणि हिमालय या दोन्ही संकटांतील पत्रव्यवहार त्यांनी १९६३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांचा कल चीनकडे असल्याची टीकाही झाली. मध्यस्थाने लिहिलेली पत्रे दोन्ही बाजूंना सारखीच निःपक्षपाती वाटतात असे नाही, याचा हा धडा होता.

पत्रे जशी माणसाच्या बाजूने साक्ष देतात, तशी विरोधातही देतात. १९४५ नंतरच्या काही वर्षांत, अण्वस्त्रे फक्त अमेरिकेकडे असताना, सोव्हिएत संघाला युद्धाची धमकी देऊन आंतरराष्ट्रीय नियंत्रण मान्य करावयास लावावे, असे मत रसेल यांनी मांडले होते. पुढे ते निःशस्त्रीकरणाचे नेते झाले आणि आपण असे कधी म्हटल्याचे त्यांनी नाकारले. मात्र १९४८ मध्ये एका अमेरिकी परिचिताला लिहिलेले त्यांचे पत्र १९५४ साली छापले गेले आणि नकार टिकेना. १९५९ मध्ये त्यांनी जाहीरपणे मान्य केले, की ते मत आपलेच होते आणि आपण ते विसरून गेलो होतो. सहज लिहिलेल्या एका खासगी पत्राने त्यांना आपल्याच भूतकाळासमोर उभे केले.

दुसरा वाद अखेरच्या दशकातील आहे. १९६० पासून राल्फ शोनमन हा तरुण अमेरिकी त्यांचा सचिव होता. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध रसेल यांच्या नावाने निघणारी पत्रे खरोखर कोणाची, असा प्रश्न तेव्हापासून विचारला जात आहे. भाषा पूर्वीसारखी मिश्कील आणि नितळ नाही, हे अनेकांना जाणवत होते. विचार आपलेच आहेत, अशी ग्वाही रसेल देत राहिले. अखेर डिसेंबर १९६९ मध्ये त्यांनी शोनमनशी फारकत का घेतली याचे दीर्घ टिपण लिहून ठेवले, ते त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. म्हणूनच त्या काळातील प्रत्येक पत्राचा मसुदा कोणी केला, मजकूर कोणी सांगितला आणि सही कोणाची, याची छाननी अभ्यासकांना करावी लागते.

या थोरामोठ्यांच्या गर्दीत सामान्य माणसांची पत्रेही हरवलेली नाहीत. शाळकरी मुले, धर्मोपदेशक, कैदी, निराश प्रेमिक असे कोणीही त्यांना लिहीत आणि पुष्कळांना उत्तरे मिळत. देव, लग्न, मृत्यू, अणुबॉम्ब असा कोणताच विषय वर्ज्य नव्हता. त्यांतील निवडक पत्रांचा संग्रह १९६९ मध्ये निघाला. वादाचे निमंत्रण देणाऱ्या ब्रिटिश फॅसिस्ट नेते ओसवाल्ड मोस्ले यांना मात्र त्यांनी १९६२ मध्ये सभ्य शब्दांत ठाम नकार कळवला. दोघांची भावविश्वे इतकी वेगळी आहेत, की संवादातून काही निष्पन्न होणार नाही, असा त्याचा आशय होता. त्यांचा विनोदही पत्रांतून डोकावतो. लिव्हरपूलचे लॉर्ड रसेल या दुसऱ्याच गृहस्थांशी त्यांच्या टपालाची सतत गल्लत होई. १९५९ मध्ये दोघांनी मिळून ‘द टाइम्स’ला पत्र लिहिले. आमच्यापैकी कोणीही दुसरा नाही, एवढाच त्याचा मजकूर होता!

आयुष्याच्या संध्याकाळी जुनी पत्रे परत आली. घटस्फोटाला जवळपास तीन दशके उलटल्यावर अ‍ॅलिस यांनी पुन्हा लिहिण्यास सुरुवात केली. आपले प्रेम कधीच ओसरले नव्हते, असे त्यांनी कळवले. दोघांची भेट झाली आणि जानेवारी १९५१ मध्ये अ‍ॅलिस यांचे निधन होईपर्यंत पत्रे सुरू राहिली. आत्मचरित्र लिहिताना रसेल यांनी ही पत्रेही वाचकांसमोर ठेवली. आपल्याला कमीपणा आणणारी पत्रे दडवण्याची सोय त्यांना होती, पण प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी पत्रे जोडून त्यांनी आपल्या निवेदनाची पडताळणी करण्याचे साधनच वाचकाच्या हाती दिले.

२ फेब्रुवारी १९७० रोजी, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी रसेल यांनी वेल्समधील आपल्या घरी अखेरचा श्वास घेतला. पश्चिम आशियातील संघर्षावर ३१ जानेवारीला त्यांनी एक निवेदन लिहिले होते. कैरो येथील संसद सदस्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ते ३ फेब्रुवारीला वाचून दाखवण्यात आले. लिहिणारा आदल्याच दिवशी निघून गेला होता, त्याचे टपाल मात्र ठरलेल्या वेळी पोहोचले.