उद्यमबागेवर बिअरचे उपकार

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत निकेल प्लेटिंग करणाऱ्या कुठल्याही शेडमध्ये डोकावलं, तर हिरव्या द्रावणात कागदाची पट्टी बुडवून तिचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून बघणारा एक जण दिसतोच. पीएच चारच्या आसपास हवा. फार वर गेला तर थर ठिसूळ येतो, फार खाली गेला तर करंट वाया जातो. तो जो आकडा बघतो, त्याचं मोजमाप १९०९ साली कोपनहेगनमध्ये ठरलं आणि ठरवलं ते बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत. सोरेन सोरेन्सन हा कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतल्या रसायन विभागाचा प्रमुख. विकरं, म्हणजे एन्झाइम्स, आम्लतेत जरा फरक पडला की रुसतात हे त्याच्या लक्षात आलं होतं. आम्लता मोजायला सुटसुटीत आकडे हवे होते, म्हणून त्यानं पीएच आणला. (पीएच मीटर मात्र बिअरचा नव्हे. तो अमेरिकेत आर्नल्ड बेकमननं १९३४ साली लिंबाच्या रसासाठी बनवला.)

हे सगळं आठवलं ते गोव्यात. तिथं बार्देस तालुक्यात, कळंगुट-हणजूणच्या पर्यटनपट्ट्यात, स्वतःची बिअर जागेवरच बनवून तिथंच विकणारे छोटे पब निघाले आहेत. आपल्याकडे ही टूम तशी अलीकडची. पुण्यात ‘डूलाली’ २००९ साली सुरू झालं, बेंगळुरूत ‘द बिअर क्लब’ २०११ साली. अशाच एका गोव्यातल्या पबमध्ये मी उद्यमबागेतल्या एका मित्राबरोबर गेलो. त्याचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरलो. परतीला गाडी मीच चालवणार होतो, त्यामुळे चव घेण्याचं काम त्याच्याकडे आणि नाकानं वास घेण्याचं माझ्याकडे.

लोक बारकडे बघत होते, मित्र काचेपलीकडच्या टाक्यांकडे. बिअर बनवणाऱ्या तरुणानं आत सोडल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला तो चवीचा नव्हता. “शिवण आतनं कशी आहे रे? ते बघाय पाहिजे.” शिवण म्हणजे वेल्डची. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस, आर्गन वेल्डिंग, आणि वेल्ड करताना पाइपच्या आतूनही आर्गन सोडलेला. तसं केलं नाही तर आतल्या बाजूला वेल्ड जळतो, खडबडीत होतो. बॅक्टेरियाला एवढी खाच पुरते, तिथं धुण्याचं पाणी पोचत नाही. मॅनहोलचं झाकण उघडून टॉर्च मारल्यावर मित्राचं समाधान झालेलं दिसलं. त्या तरुणाचा दिवसही बराचसा धुण्यातच जातो. गरम कॉस्टिक सोडा फिरवायचा, पाण्यानं काढायचा, मग आम्ल, मग पेरासिटिक आम्लानं निर्जंतुक करायचं. बिअर बनवणं म्हणजे मुख्यतः भांडी घासणं, हे त्याला नोकरीला लागल्यावर कळलं म्हणे.

बाकीची कृती थोडक्यात अशी. बार्लीला मोड आणून ती भट्टीत वाळवतात. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो, तसंच हे. मोड येताना दाण्यात विकरं तयार होतात. हे मॉल्ट भरडून ६५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवलं की ती विकरं पिठुळाची साखर करतात. इथं एकेक अंश महत्त्वाचा. ६२-६३ अंशांना ज्या विकराचा जोर असतो ते यीस्टला खाता येईल अशी साखर भरपूर काढतं आणि बिअर हलकी, कोरडी होते. सत्तरीकडे सरकलं की दुसऱ्या विकराचं राज्य. त्याचे तुकडे मोठे, यीस्टला न पचणारे, ते बिअरमध्ये तसेच राहतात आणि ती दाट लागते. या मिश्रणाचा पीएचही ५.२ ते ५.६ च्या दरम्यान हवा. सोरेन्सनला नेमकी ही विकरांचीच काळजी होती. मग तो गोड रस हॉप्स, म्हणजे एका वेलीची कडवट फुलं, घालून तासभर उकळायचा, झटकन थंड करायचा आणि यीस्ट घालायचं.

यीस्ट घातल्यानंतर मात्र माणसाचं काम एकच उरतं, उष्णता काढणं. हजार लिटरच्या टाकीतली सुमारे ८० किलो साखर यीस्ट खातं. वजनानं तिचं जवळजवळ निम्मं अल्कोहोल होतं आणि निम्मा कार्बन डायऑक्साइड. तो वायू एखादी लहान खोली भरेल इतका असतो. म्हणूनच अशा ठिकाणी हवा खेळती ठेवावी लागते, रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही डोकं घालायचं नसतं. आणि उष्णता इतकी निघते की ती कुठंच गेली नाही, तर अख्खी टाकी दहा-अकरा अंशांनी तापेल. विशीतलं यीस्ट तिशीत गेलं की नको ती जड अल्कोहोलं तयार करतं. त्यांचा वास रंगाच्या थिनरची आठवण देतो. म्हणून टाकीला दुहेरी कातडं असतं आणि त्यातून चिलरमधलं थंड ग्लायकॉल फिरत राहतं.

गोव्याच्या मे महिन्यात हे चिलर बंद पडलं तर काय? असाच उन्हाळ्याचा प्रश्न बव्हेरियातल्या लोकांना चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच पडला होता. चिलर नव्हतं, म्हणून त्यांनी कायदा केला. १५५३ सालच्या आदेशानं २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवायला बंदी. थंडीत तळघरांत बर्फ भरून ठेवायचा आणि त्यावर उन्हाळा काढायचा. १८७० च्या दशकात म्युनिकचे प्राध्यापक कार्ल लिंडे यांनी शीतकरणाचं यंत्र बनवलं, तेव्हा त्यांना जागा, पैसा आणि धीर दिला तो स्पाटेन ब्रुअरीच्या गाब्रिएल झेडलमायरनं. आज बेळगावातल्या आईस फॅक्टरीत अमोनियाचा जो कॉम्प्रेसर धडधडतो, त्याचे पूर्वज बिअरच्या तळघरात उभे होते.

उष्णतेच्या हिशेबाचं मूळही असंच बिअरमध्ये. मँचेस्टरजवळ सॅलफर्डमध्ये जेम्स जूल हा बिअरवाल्याचा मुलगा. ब्रुअरीत थर्मामीटरचा काटेकोर वापर रोजचा, तो सराव त्याच्या हाताला होता. १८४० च्या दशकात त्यानं वजनं खाली सोडून पाण्यात पाती फिरवली, पाणी किती तापतं ते मोजलं आणि श्रमाची उष्णता किती होते याचा हिशेब मांडला. पाण्याच्या तापमानातले इतके बारीक फरक याला कळतात कसे, याचाच अनेकांना संशय होता. टर्निंग करताना लेथवर निळी पडून उडणारी चिप हा जूलचाच प्रयोग आहे.

यीस्टच्या बाबतीत मात्र गोव्यातली फेणीची भट्टी आणि हा पब यांचं पटत नाही. काजूच्या बोंडांचा रस आंबतो तो रानटी यीस्टवर. ते बोंडांवर, भांड्यात, हवेत असतंच, कोणी विकत आणत नाही. पहिल्या ऊर्ध्वपातनात हुर्राक, पुढच्यात फेणी. (काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं.) पोदेरांचा, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्यांचा, पावही पूर्वी माडाच्या सुरेवरच फुगायचा. मग बिअरलाच एवढं सोवळं का? कारण फेणी उकळून वाफेतून निवडली जाते, पुष्कळसं नको ते भांड्यातच मागे राहतं. बिअरला ही दुसरी संधी नाही. यीस्टनं जे केलं ते सगळं ग्लासात येतं. कार्ल्सबर्गची बिअर बिघडायला लागली, तेव्हा एमिल हान्सेननं त्यात रानटी यीस्ट घुसल्याचं शोधलं आणि १८८३ साली एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट कारखान्यात आणलं. मालक याकोबसेननं ते पेटंट करून दाबून ठेवलं नाही, इतर ब्रुअरींना वाटलं. धंद्यात असं मन दुर्मीळ.

डब्लिनच्या गिनेसची तऱ्हा उलटी. तिथं १८९९ साली विल्यम गॉसेट नावाचा रसायनशास्त्राचा पदवीधर लागला. त्याची अडचण आपल्या फाउंड्रीवाल्यांना चटकन कळेल. एका हीटमधून तीन-चार टेस्ट बार ओततात आणि त्यांच्यावरून सगळ्या मालाची ताकद ठरवायची असते. गॉसेटकडेही बार्लीचे, हॉप्सचे असेच चार-पाच नमुने. तोवरचं संख्याशास्त्र शेकडो नमुन्यांवर बेतलेलं होतं. नमुने थोडे असले की खात्रीची पट्टी किती रुंद करायला हवी, हे त्यानं काढलं. ९५ टक्के खात्रीसाठी, नमुने भरपूर असतील तर सरासरीच्या प्रमाणित त्रुटीला १.९६ नं गुणायचं, पण चारच असतील तर ३.१८ नं. १९०८ साली हा लेख आला तो ‘स्टुडंट’ या टोपणनावानं, कारण कंपनी नोकरांना स्वतःच्या नावानं छापू देत नव्हती. क्वालिटी विभागातली पोरं रोज ‘स्टुडंट्स टी टेस्ट’ म्हणतात, तो स्टुडंट हा.

पबमधल्या तरुणाची वही बघताना हेच पुढं आलं. मॉल्टचा नवा पुरवठादार महाग होता, पण साखर दोन टक्के जास्त निघते असं त्याचं म्हणणं. जुन्याच्या चार बॅच, नव्याच्या चार. प्रत्येकाच्या आकड्यांत दोनेक टक्क्यांचा चढउतार. गॉसेटच्या रीतीनं टेबलावरच हिशेब केला, तर उत्तर १.४ आलं. आठ बॅचना ते निदान २.४५ यायला हवं. म्हणजे फरक असेलही, नसेलही. चढउतार एवढाच राहिला आणि दोन टक्क्यांचा फरक टिकला, तरी ठामपणे बोलायला दोन्हीकडच्या नऊ-दहा बॅच तरी लागतील.

“तोवर स्वस्तातलं पोतं घे की,” मित्र म्हणाला, आणि चिलरच्या पाइपवरचं इन्सुलेशन कुठं फाटलंय ते त्याला दाखवायला लागला.