पोटरीचा पंप

भिलाई स्टील प्लांटमधून निवृत्त झालेली मराठी जोडपी नातवंडांकडे अमेरिकेला निघतात. रायपूरहून मुंबई, तिथून नेवार्क: सलग पंधरा-सोळा तास खुर्चीत.

चालताना पोटरीचे स्नायू आवळून शिरांतलं रक्त वर ढकलतात. झडपा ते खाली येऊ देत नाहीत. बसून राहिलं की हा पंप थंडावतो. घोटे सुजतात, क्वचित खोल शिरेत गुठळी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007च्या अहवालानुसार चार तासांपेक्षा जास्त बैठ्या प्रवासाने, मग तो रेल्वेचा का असेना, धोका दुपटीने वाढतो. तरीही साधारण 6000 जणांत एकालाच.

बाथरूमला उठावं लागेल म्हणून आया पाणीच पीत नाहीत, हे मला फार खटकतं. प्या, आणि उठाच! बसल्याबसल्या टाचा-चवडे आळीपाळीने उचला. पूर्वी गुठळी झाली असेल, तर तिकिटाआधी डॉक्टरांना विचारा.