मुंबईतील गोमंतक
लेखांक पाचवा : गावाची कूड

गोमंतकातील पुरुष पोटापाण्यासाठी इंग्रजी मुलखाकडे का वळले, याची मीमांसा गेल्या लेखांकात केली. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारान्वये मिठाचा मक्ता इंग्रज सरकारच्या हाती गेला आणि मिठागरांवर जगणाऱ्या गावांची मिळकत आटली, हे त्यातील एक प्रमुख कारण. परंतु स्वयंपाकी, खानसामा, शिंपी, बॅंडवाला किंवा आगबोटीवरील खलाशी होऊ इच्छिणारा हा इसम मुंबईस उतरल्यावर प्रथम कोणाच्या दारी गेला आणि काम मिळेपर्यंतचे दिवस त्याने कोणाच्या भरवशावर काढले, या प्रश्नाचे उत्तर धोबीतलाव, कावेल, डाबूल व माझगाव या भागांतील जुन्या इमारतींच्या मजल्यांवर शोधावे लागते. साष्टी, बारदेश आदी महालांतील गावांनी तेथे आपापली जागा भाड्याने घेतली आणि तिला गावाचे व गावच्या संताचे नाव दिले. दारावरच्या पाटीवर ‘क्लब’ असे असले, तरी गोव्याच्या माणसाच्या तोंडी तिचे नाव कूड, म्हणजे खोली, असेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही वहिवाट दृढ झाली आणि ऐन भराच्या काळात मुंबईतील कुडींची संख्या काही शेकड्यांवर गेली. धोबीतलावच्या जेर महाल या एका इमारतीतच अनेक गावे शेजारी शेजारी नांदत आली आहेत.

कुडीचा अंतर्भाग पाहिला म्हणजे तिचे स्वरूप ध्यानी येते. भिंतीकडेने लोखंडी व लाकडी पेट्यांची रांग असते. प्रत्येक पेटी एका सभासदाची. तिच्यात त्याचे कपडे, कागदपत्रे, घरून आलेली पत्रे आणि गाठीचा पैसा. रात्री या पेट्यांलगत चटई अंथरावयाची आणि सकाळी गुंडाळून ठेवावयाची, एवढाच बिछान्याचा बंदोबस्त. खलाशी नल्ली, म्हणजे नोकरीचे दाखलापुस्तक, खिशात घालून महिनोन् महिने समुद्रावर गेला, तरी त्याची पेटी जागची हलत नसे. तो परतला की त्याच्या हक्काची जागा त्याची वाट पाहत असे. दालनाच्या एका टोकाला वेदी असते, तीवर गावच्या संताची मूर्ती व तिच्यापुढे दिवा. रोज सायंकाळी या वेदीपुढे सर्वांनी मिळून कोंकणीत तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणावयाची, हा नियम. गैरहजर राहणाऱ्यास दंड करण्याची तरतूदही अनेक ठिकाणी होती. दारूबंदी, रात्री दार लावण्याची ठरलेली वेळ, दरमहाची अल्प वर्गणी, निवडलेले पदाधिकारी आणि वर्षअखेरीचा जमाखर्च, असा हा कारभार चाले.

हा कारभार ज्यांनी चालविला त्यांत पुष्कळजण बेताच्या शिक्षणाचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या शिस्तीविषयी खरोखर आदर वाटतो. तथापि ही शिस्त मुंबईत उपजली नव्हती, असे माझे मत आहे. ज्या प्रांतात गावच्या जमिनीचे उत्पन्न गावकारीच्या संस्थेने एकत्र राखावे आणि त्यातून गावचे खर्च भागवून उरलेले वाटून घ्यावे, ही पद्धत पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून चालू होती, जिच्या रूढींची नोंद १५२६ साली पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशिया याने ‘फोराल’ नामक सनदेत करून ठेवली, आणि जेथे चर्चमधील बंधुमंडळे आपल्या निधीचा व उत्सवाचा हिशेब पिढ्यान् पिढ्या राखीत आली, तेथील माणसाला चार जणांत बसून ठराव करणे व वही लिहिणे नवखे नव्हते. जमीन मागे राहिली. तिच्याभोवतीचा व्यवहार तेवढा त्याने सोबत आणला.

म्हणून कूड ही केवळ स्वस्त धर्मशाळा नव्हे. कोणत्या बोटीवर भरती चालू आहे, कोणत्या साहेबाला स्वयंपाकी हवा आहे, ही खबर प्रथम येथे येई. सभासद आजारी पडला तर त्याची शुश्रूषा आणि मरण पावला तर त्याचे अंत्यसंस्कार, ही जबाबदारी कूड आपली मानी. गावच्या संताच्या फेस्ताला, म्हणजे उत्सवाला, वेदी सजे, लादाईन, म्हणजे स्तुतिप्रार्थना, गाइली जाई, आणि सारे गाववाले एका पंक्तीस बसत. १९५५ साली भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, रेल्वेचा मार्ग तुटला, जाणेयेणे परवान्यावर अवलंबून राहिले. त्या काळात घरी जाऊ न शकणाऱ्या माणसाला कुडीतले फेस्त केवढा आधार वाटले असेल, याची कल्पना करता येते.

या संस्थेतील उणिवाही नमूद करणे प्राप्त आहे. कूड पुरुषांची होती. त्याच मुंबईत आया म्हणून राबणाऱ्या गावच्या स्त्रियांना तेथे मुक्कामाची मुभा नव्हती. धर्मांतरानंतरही न सुटलेला जातिभेद काही ठिकाणी सभासदत्वाच्या नियमांत शिरला. गावाचे चांगले जसे सोबत आले तसे वाईटही आले, आणि दुसऱ्याचे समर्थन पहिल्याने होत नाही.

रत्नागिरीच्या गिरणी कामगारानेही गिरणगावात गाववाल्यांच्या खोलीत असाच संसार थाटला होता, हे मराठी वाचकास ठाऊक आहे. त्या खोल्या गिरण्यांबरोबर बहुतांशी संपल्या. कुडी मात्र संख्येने रोडावल्या तरी संपलेल्या नाहीत. १९६१ च्या मुक्तीनंतर गोव्यातच कामे निघाली, पुढे आखाती देशांची वाट खुली झाली, १९९८ पासून कोकण रेल्वे धावू लागली. तरीही बोटीवरच्या नोकरीसाठी मुंबईत खेटे घालणारा तरुण आजही कुडीत मुक्कामाला येतो. धोका आहे तो जुन्या इमारतींच्या पुनर्बांधणीचा आणि त्याहून अधिक दप्तराच्या नाशाचा. ज्यांच्या घरी वडील-आजोबांची सभासदत्वाची पुस्तिका, वर्गणीची पावती किंवा सभेच्या इतिवृत्ताची वही असेल, त्यांनी ती रद्दीत घालू नये. तिची एक प्रत पणजीच्या अभिलेखागारात अथवा एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात अवश्य द्यावी.